‘श्राइन’ला मराठीत काय म्हणावं?

जपानच्या प्रवासवर्णनात ‘श्राइन’ आणि ‘टेंपल’ दोन्हींना ‘मंदिर’ म्हटलं तर चालेल का, असं एका वाचकाने विचारलंय.

मला विचाराल तर नको. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मातल्या, देवतेचं ते ‘जिंजा’, बुद्धाचं ते ‘तेरा’. जिंजाला मी ‘देवस्थान’ म्हणतो. तिथे दर्शनाला मूर्ती असेलच असं नाही. कामी, म्हणजे तिथली देवता, डोंगरात, झाडात, धबधब्यात वस्तीला असते. महत्त्व त्या जागेला. देवराई पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तेराला ‘विहार’. मूळ शब्द ठेवला, तर वाचक आकडा समजायचा! आणि नावाच्या शेवटी येणारा ‘जी’ आदरार्थी नाही, त्याचाच अर्थ विहार. ‘होगोन्जी विहार’ म्हणजे ‘सिंहगड किल्ला’.

खरी पंचाईत होते ती हे होगोन्जी जिथे आहे त्या चिकुबुशिमावर. बिवा सरोवरातलं हे चिमुकलं बेट. धक्क्यावरून दगडी पायऱ्या चढताना पोटऱ्या भरून येतात. वर होगोन्जीत बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती (‘तेन’ म्हणजे देव). तिथून एका लाकडी ओवरीतून चालत गेलं की थेट त्सुकुबुसुमा जिंजा. ओवरीचं नाव ‘फुनारोका’, नावेची ओवरी. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या जहाजाचं लाकूड तिला वापरलंय असं सांगतात. जिंजाच्या सज्जात मातीच्या दोन बशा घ्यायच्या, एकीवर नाव, दुसरीवर इच्छा लिहायची आणि खाली पाण्याच्या कडेला उभ्या तोरीतून, म्हणजे दोन खांबांच्या कमानीतून, भिरकवायच्या. उतारावर खापऱ्यांचा नुसता खच पडलाय.

विहार कुठे संपला, देवस्थान कुठे सुरू झालं? 1868 साली मेइजी सरकारने कामी आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला. त्याआधी इथे हे सगळं एकच होतं. जपानात बेन्झाइतेनच्या कित्येक जुन्या मूर्तींच्या मुकुटावर इवलीशी तोरी कोरलेली असते. बौद्ध सूत्रांतून आलेल्या देवीच्या माथ्यावर शिंतो कमान! तिथे हुकुमाची मात्रा चालली नाही.

म्हणून अख्ख्या बेटासाठी मी ‘क्षेत्र’ सुचवेन. ‘श्रीक्षेत्र’ म्हणताना आत कुठल्या पंथाची किती देवळं, हे आपण मोजत नाही. ‘चिकुबुशिमा क्षेत्री गेलो, होगोन्जीत सरस्वती पाहिली, शेजारच्या देवस्थानातून बशा फेकल्या’ असं बिनधास्त लिहा.