पैसे भरून ओळखी मिळतात का?

प्रश्न : ताई, मी बेचाळीस वर्षांचा आहे. सतरा वर्षं कारखान्यांमध्ये उत्पादन नियोजन आणि साठ्याचं काम केलं. कंपनीने आमचा विभागच बंद केला आणि सगळ्यांना कमी केलं. हिशेबाचे पैसे मिळालेत, त्यावर काही महिने निघतील. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या संकेतस्थळावर खातं आहे, पण वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं. आता तिथे सारखं ‘प्रीमियम घ्या’ असं येतं. कोणीतरी माझं प्रोफाइल पाहिलं म्हणतात, पण कोणी पाहिलं, ते पैसे भरल्याशिवाय नीट दिसत नाही. शिवाय एका दुसऱ्याच सेवेचा माणूस रोज फोन करतो : शुल्क भरा, तुमचा बायोडेटा शेकडो रिक्रूटरांपर्यंत, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं निवडणाऱ्यांपर्यंत, थेट पोहोचवतो. पत्नी म्हणते, महिनाभर प्रीमियम घेऊन तर बघ. जुन्या सहकाऱ्यांना फोन करायचा तर लाज वाटते. इतकी वर्षं विचारलं नाही, आता गरज पडली म्हणून आठवण झाली, असं ते म्हणतील. आणि फोटोभोवती ती ‘काम शोधतोय’ असं सांगणारी हिरवी पट्टी लावावी का?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्नीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. महिनाभर घ्या, पण आज नको. आज घेतलंत तर पहिले दोन आठवडे बटणं दाबून बघण्यात जातील, आणि मग कोणाला काय लिहायचं ते सुचेपर्यंत मुदत संपेल.

माझी सगळी नोकरी माणसं नेमण्यात गेली, म्हणून पलीकडून काय दिसतं ते सांगते. लिंक्डइनचं रिक्रूटरांसाठीचं साधन वेगळं आहे, आणि त्याचे पैसे कंपनी भरते. मी त्यात पदाचं नाव टाकायचे, कौशल्य टाकायचे, ठिकाण टाकायचे. समोरचा उमेदवार स्वतः पैसे भरतो की नाही, याकडे मी कधी पाहिलं नाही. मी काय पाहायचे, तर मला हवे ते शब्द त्याच्या प्रोफाइलमध्ये आहेत का. तुम्ही ‘उत्पादन नियोजन’ इतकंच लिहून थांबला असाल, तर तुम्ही कोणती ईआरपी प्रणाली (खरेदी, साठा, उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालवलीत, किती प्रकारच्या मालाचा साठा सांभाळलात, तो किती कमी करून दाखवलात, हे मला कुठून कळणार? त्या चार ओळी लिहायला पैसे पडत नाहीत. आधी त्या लिहा.

प्रीमियममध्ये नोकरी शोधणाऱ्याला मिळतं ते मुख्यतः असं : महिन्याला पाच इनमेल, म्हणजे अनोळखी माणसाला थेट पाठवता येणारे संदेश, प्रोफाइल कोणी पाहिलं त्याची मोठी यादी, आणि काही अभ्यासक्रम. यातले इनमेल कामाचे आहेत, पण पाचच. समोरच्याने ९० दिवसांत उत्तर दिलं तर खर्च झालेला इनमेल परत जमा होतो, ही सोय चांगली. ‘कोणी पाहिलं’ या यादीवर मात्र जीव टांगू नका. पाहणाऱ्यांत तुमच्यासारखेच नोकरी शोधणारे असतात, काही विकायला आलेले असतात, नाव सारखं म्हणून चुकून शिरलेलेही असतात. (क्लासमेट्स नावाच्या अमेरिकी संकेतस्थळावर २००८ मध्ये खटला झाला होता. जुने मित्र तुम्हाला शोधताहेत असं सांगून पैसे भरायला लावलं आणि आत ओळखीचं कोणी नव्हतंच, अशी तक्रार होती. कंपनीला पुढे तडजोड करावी लागली. कुतूहल विकणं हा जुनाच धंदा आहे.)

आता लाजेकडे वळते, कारण तुमच्या पत्रातली खरी अडचण तीच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे ज्यांना फोन करायला तुम्हाला संकोच वाटतो, कामाला आले ते बहुतेक तसलेच लोक. कारणही सरळ आहे. रोज भेटणाऱ्या मित्राला जे माहीत आहे ते तुम्हालाही माहीत असतं. आठ वर्षांपूर्वी दुसरीकडे गेलेल्याच्या कानावर वेगळ्या बातम्या असतात.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. ओळख अगदी घट्टही नको आणि अगदी नावापुरतीही नको, मधली सगळ्यात उपयोगी, असं त्यात दिसलं. पण तुम्ही लक्षात ठेवावं असं त्यात आणखी काही आहे : संगणकाशी जोडलेल्या क्षेत्रांत कच्च्या ओळखींचा फायदा जास्त झाला, आणि जिथे काम तितकं डिजिटल नाही तिथे घट्ट ओळखी सरस ठरल्या. तुम्ही कारखान्यातले. तेव्हा ज्यांच्याबरोबर पाळ्या काढल्या, महिनाअखेरीला रात्री जागवल्या, त्यांना पहिला फोन.

हे लोक शोधायचे कसे? लिंक्डइनच्या सेटिंगमध्ये आपल्या माहितीची प्रत मागवता येते, तीही विनामूल्य. त्यात तुमच्या सगळ्या संपर्कांची फाइल येते : नाव, कंपनी, पद, कधी जोडले गेलात ती तारीख. साठ्याची कोष्टकं आयुष्यभर केलीत, तेव्हा हे तुम्हाला शिकवायला नको. कंपनीप्रमाणे लावा. बघाल, निम्मे लोक आता कुठे आहेत याचा तुम्हाला पत्ताच नव्हता. शिवाय तुमच्या महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कोण कुठे काम करतं ते तिथे गाळून पाहता येतं.

नोकरी मागू नका, माहिती मागा. असं काहीसं : ‘नमस्कार. तुम्ही खरेदीत होतात तेव्हा मी नियोजनात होतो. आमचा विभाग बंद झाला, सध्या काम शोधतो आहे. तुमच्याकडे नियोजन कोण बघतं आणि कोणती प्रणाली वापरतात, यावर दहा मिनिटं बोलता येईल का?’ ‘माझ्यासाठी काही बघा’ हे वाक्य टाळा, त्यावर समोरचा ‘हो, नक्की’ म्हणतो आणि विषय संपतो. राहिलं ते काय म्हणतील याचं. मला असे फोन पुष्कळ आले. राग आला तो काय हवंय ते न सांगता अर्धा तास घोळवणाऱ्यांचा. खूप वर्षांनी फोन केला म्हणून कोणाचाच आला नाही.

हे सगळं झाल्यावर यादीत काही कंपन्या अशा उरतील, जिथे तुमचा कोणीच नाही. त्यांच्यासाठी प्रीमियम घ्या. पहिला महिना फुकट मिळत असेल तर तोच घ्या, पण कार्डाचे तपशील द्यावे लागतात आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. एक दिवस आधी तरी रद्द करा. फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलं असेल तर रद्दही तिथूनच करावं लागतं.

त्या रोज फोन करणाऱ्याला एक दमडी देऊ नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात साफ म्हटलंय की खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. त्याला अपवाद आहेत, सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही. पण चांगल्या संस्थांची रीत तीच आहे, पैसे देते ती माणूस हवा असलेली कंपनी. शेकडो रिक्रूटरांना एकदम गेलेला बायोडेटा कसा दिसतो तेही सांगते. तसे गठ्ठे मला येत. मी ते उघडत नसे.

हिरवी पट्टी लावा. तुमचा अख्खा विभाग बंद झालाय, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मन होतच नसेल तर फक्त रिक्रूटरांना दिसेल असा पर्याय तिथेच आहे, तो निवडा. मात्र पट्टी लावली की भामटेही येतात. मुलाखतीआधी नोंदणी, प्रशिक्षण किंवा तपासणीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर उत्तर न देता त्या खात्याची तक्रार नोंदवा.