मटण सोडून दूध-तूप चालू ठेवलं तर हिंसा थांबते का?
कमी होते, पण थांबत नाही. दुधाचा आणि मांसाचा धंदा एकमेकांत गुंतलेला आहे. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि होणाऱ्या रेडकांतली साधारण निम्मी नर असतात. ट्रॅक्टर आल्यावर रेड्याचं शेतातलं काम संपलं. म्हणून नर रेडकाला आईचं दूध पोटभर मिळत नाही; बरीच हगवणीनं, उपासमारीनं मरतात, उरलेली बाजारात जातात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, रेड्या-म्हशींना ती लागू नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं. तरी मटण सोडणं वाया जात नाही, कारण मटणाचं बोकड कापण्यासाठीच वाढवलेलं असतं. दूध घ्यायचंच तर लिंगनिर्धारित रेतमात्रा (मादीच जन्मावी म्हणून निवडलेलं वीर्य) वापरणारा गोठा शोधा. त्यातून सुमारे ९० टक्के माद्या होतात. मात्र दूधही सोडणार असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावीच लागेल, ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही. प्रथिनांची काळजी नको: ५० ग्रॅम सुक्या सोयावड्यांत सुमारे २५ ग्रॅम असतात.