तिसऱ्यांदा भरा, डॉक्टर. आणि टॉप-अप नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पंधरा वर्षं प्रॅक्टिस करते. एमबीबीएस, वय ४२. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपली. नूतनीकरणाला लागणारे क्रेडिट पॉइंट (वैद्यकीय प्रशिक्षणाला हजर राहून मिळणारे गुण) पूर्ण होते, पण कामाच्या गडबडीत पैसे भरायचे राहिले. बारा दिवसांपूर्वी यूपीआयने भरले. खात्यातून रक्कम गेली, पण स्क्रीनवर ‘पेमेंट फेल’ आलं. लगेच डेबिट कार्डाने भरले, पुन्हा तेच. दोन्ही मिळून दहाएक हजार अडकलेत. त्यामुळे पाच तारखेला कर्जाचा ३५ हजारांचा हप्ता बाउन्स झाला आणि बँकेनं त्याचा दंड कापला. आता तिसऱ्यांदा भरू, की आधीचे पैसे परत येईपर्यंत थांबू? कर्ज १५ लाखांचं आहे, दोन वर्षांपूर्वी साडेचौदा टक्क्यांनी घेतलं. नऊ लाख क्लिनिकची दुरुस्ती आणि ईसीजी मशीनला लागले. उरलेल्या सहा लाखांतून युलिपचे (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचे) तीन-तीन लाखांचे दोन हप्ते भरले. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, पण बँकेचे आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) टॉप-अप लोन, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, देतो म्हणालेत, त्यामुळे ती काळजी नाही. घरखर्च माझ्याच उत्पन्नावर आहे, मिस्टर तासिका तत्त्वावर प्राध्यापक आहेत. मुलगी नववीत आहे, तिच्या शिक्षणासाठी पाच लाखांची एफडी ठेवलीय.

उत्तर:

डॉक्टर, थांबू नका. पोर्टलवर अर्जाची स्थिती आज एकदा बघा. कधी कधी ‘फेल’ दिसलेलं पेमेंट दोन-तीन दिवसांनी तिकडे जमा झालेलं असतं. आधीच्या दोन्हींपैकी एकही जमा दिसत नसेल, तर आजच तिसऱ्यांदा भरा.

अडकलेले दहा हजार कुठे जात नाहीत. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक याचसाठी आहे. यूपीआयने किंवा कार्डाने पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही मागण्याची वाट न पाहता. तुमचे बारा दिवस झाले, म्हणजे सात दिवस उशीर. दोन व्यवहारांचे चौदाशे रुपये तुमचे निघतात. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि कार्डाच्या व्यवहाराचा तपशील घालून बँकेकडे लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) ऑनलाइन जा, त्याला पैसे पडत नाहीत. तुम्ही घाबरताय तसं तिसऱ्यांदाही झालंच, तर तोच नियम तिसऱ्या रकमेलाही लागू आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली, आणि मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

पहिलं, ‘मुदत मार्चअखेर संपली’. तेव्हापासून ओपीडी रोज चालू आहे. तुम्ही पाच हजार दोनदा जातील का याचा हिशेब करताय. एका दिवसाच्या ओपीडीतून तेवढे सहज येत असतील. त्याच्यासमोर काय आहे ते पाहा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. उद्या एखाद्या पेशंटच्या नातेवाइकानं ग्राहक आयोगात तक्रार केली, तर समोरचा वकील तुमच्या उपचारांकडे नंतर वळेल, आधी प्रमाणपत्रावरची तारीख दाखवेल. तुम्ही उपचार अगदी बिनचूक केलेले असले तरी.

तुमच्या इन्डेम्निटी पॉलिसीबद्दल, म्हणजे पेशंटनं भरपाई मागितली तर कामी येणाऱ्या विम्याबद्दल, पत्रात एक शब्द नाही. असेल तर आज रात्री काढून वाचा. वैध नोंदणीबद्दल तिच्यात काय लिहिलंय, आणि नूतनीकरणाची तारीख कोणती, हे दोन्ही बघा. या पॉलिसी बहुधा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असाव्या लागतात, आणि मागच्या वर्षांचं संरक्षण सलग नूतनीकरणावर उभं असतं. एकदा खंड पडला की आधी तपासलेल्या पेशंटच्या बाबतीतलं संरक्षणही जाऊ शकतं. पॉलिसी नसेलच, तर नोंदणीची पावती हातात आल्यावर पहिली खरेदी तीच.

नोंदणी पाच वर्षांतून एकदा येते. रक्कम लहान. तिच्यासाठी खात्यातून आपोआप पैसे कापले जात नाहीत, तिच्या वतीनं कुणी फोन करत नाही. पॉलिसीच्या हप्त्यासाठी मात्र महिनाभर आधी आरएम चौकशी करतो. म्हणून जिच्या जोरावर घर चालतं ती नोंदणी मागे राहिली. डॉक्टरांच्या खात्यांत हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता पहिल्या भेटीत प्रमाणपत्राची तारीखच विचारतो.

दुसरं वाक्य, ‘त्यामुळे ती काळजी नाही’. खरी काळजी तिथेच आहे.

साडेचौदा टक्क्यांनी कर्ज काढून युलिप भरलीत. अगदी साधा हिशेब करू. १५ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, हप्ता ३५ हजार. एकूण फेड सव्वाएकवीस लाखांच्या आसपास. त्यातला युलिपचा वाटा सहा लाखांचा, म्हणजे हप्त्यातले १४ हजार फक्त त्या पॉलिसीपायी जातात. पाच वर्षांत या सहा लाखांपोटी तुम्ही साडेआठ लाख भरणार. आता युलिप. विमा कंपनीनं दिलेल्या अधिकृत तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोनच दर असतात, तो कागद बघा. आरएमनं मोबाइलवर पंधरा टक्क्यांचा आलेख दाखवला असेल, तर तो त्यानं स्वतः केलेला आहे. आठ टक्के धरले आणि त्यातून विम्याचा आकार, व्यवस्थापन आणि इतर खर्च वजा केले, तर हातात सहा-साडेसहा टक्के पडतील. साडेचौदानं घ्यायचं आणि सहानं गुंतवायचं. सहा लाखांवर वर्षाला पन्नास हजारांचा खड्डा. बाजार उत्तम चालला तर खड्डा लहान होईल, पण त्या आशेवर कर्ज काढत नाहीत.

आणि दुसऱ्या हप्त्याचे तीन लाख? ते कर्ज मिळाल्यापासून वर्षभर बचत खात्यात पडून होते ना? साडेचौदानं घेतलेले पैसे तीन टक्क्यांवर. चौतीस-पस्तीस हजार तिथेच गेले, कुणाच्या लक्षातही न येता.

‘करमुक्त’ असंही सांगितलं असणार, कारण ते सांगितल्याशिवाय ही विक्री होत नाही. तुमची पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची, वर्षाचा हप्ता तीन लाख. १ फेब्रुवारी २०२१ पासून घेतलेल्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर असेल, तर मुदतीनंतर मिळणारी रक्कम करमुक्त राहत नाही. तिच्यातल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. हप्ता अडीच लाखांचा असता तरी ही सवलत टिकली असती. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं की त्यानं सांगितलं नाही, मला कळायला मार्ग नाही. पण डॉक्टरच्या खात्यात कर्ज जमा झाल्याबरोबर त्याच पैशातून त्याच बँकेनं तीन लाखांची पॉलिसी उतरवावी, याचा मला मनापासून राग येतो. कर्जाचं व्याज बँकेला, पॉलिसीचं कमिशनही बँकेला, आणि हप्ता बाउन्स झाल्यावर दंडही बँकेलाच.

म्हणून टॉप-अप लोन घेऊ नका. तिसरा हप्ता भरू नका.

‘मग आधीचे सहा लाख बुडतील’ असं तुम्हाला लगेच सांगितलं जाईल. बुडत नाहीत. युलिप मध्येच थांबवली तर कापायच्या रकमेवर विमा नियामकानं कमाल मर्यादा घातली आहे. तुमच्याएवढ्या हप्त्याच्या पॉलिसीत दुसऱ्या वर्षी ती जास्तीत जास्त पाच हजार, तिसऱ्या वर्षी चार हजार. त्यानंतर रक्कम ‘डिसकन्टिन्यूड फंडा’त जाते, तिथे किमान चार टक्के व्याज मिळतं, आणि पाच वर्षांचा लॉक-इन (पैसे काढता न येण्याचा काळ) संपला की हातात येते. चार टक्के कमीच आहेत, मान्य. पण त्या सहा लाखांवर आता आपला ताबा नाही. नवे तीन लाख कर्जानं काढून त्यांच्यामागे पाठवायचे की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. पाच हजारांच्या भीतीनं तीन लाखांचं कर्ज वाढवायचं नसतं.

पॉलिसी थांबली की तिच्यातलं विमा संरक्षणही थांबेल. ते दहापट, म्हणजे तीस लाखांचं असेल. मिस्टरांचं उत्पन्न तासिकांवर, मुलगी नववीत. तीस लाख पुरणार नव्हतेच. म्हणून आधी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (गुंतवणूक नसलेला, फक्त आयुर्विमा) घ्या. या वयात वर्षाला ढोबळमानानं वीस-पंचवीस हजार पडतील. वैद्यकीय तपासणीला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून अर्ज याच आठवड्यात. युलिपच्या वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, त्या काळात जुनं संरक्षण चालू राहतं. तेवढ्यात नवी पॉलिसी हातात यायला हवी.

आता बाउन्स झालेला हप्ता. तो भरला नसेल तर नोंदणीच्या पैशांनंतर लगेच भरा. आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमाखाली तो चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. एका हप्त्यावरून सहसा कुणी तिथवर जात नाही, पण क्रेडिट रिपोर्टमध्ये उशिराची नोंद राहते. दंडाची रक्कमही उताऱ्यात नीट बघा. रिझर्व्ह बँकेनं दंडव्याज बंद करून त्याऐवजी दंडशुल्क लावायला सांगितलं आहे, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. चढवलेलं दिसलं तर लोकपालाकडच्या तक्रारीत तेही घाला. शिवाय बँकेनं वेळेत परत न केलेल्या दहा हजारांमुळेच हप्ता परत गेला, हे तारखांसह लिहा आणि बाउन्सचा आकार परत मागा. मिळेलच असं नाही, पण मागणी रास्त आहे.

एफडीबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, तरी सांगतो. सात टक्क्यांची एफडी, वर तिच्या व्याजावर कर. शेजारी साडेचौदाचं कर्ज. मुलीच्या नावानं ठेवलेले पैसे मोडायला हात धजत नाही, हे मला समजतं. पण ती एफडी जपताना तुम्ही तिच्याच बारावीनंतरच्या पैशातून व्याज भरताय. दोन लाख अडीनडीला राहू द्या. तीन लाख कर्जात भरा, त्याआधी मुदतपूर्व फेडीचा आकार कर्जाच्या कागदात तपासा. तो दोन-तीन टक्के असला तरी परवडेल, वर्षाला पंचवीसएक हजार वाचतील. फेडीनंतर हप्ता कमी करून देतो म्हणतील. हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करून घ्या. कर्ज संपलं की हेच ३५ हजार दरमहा मुलीच्या नावानं बाजूला काढता येतील, आणि ती रक्कम आजच्या एफडीला वर्षा-दीड वर्षात मागे टाकेल.

क्लिनिकचं खाते वेगळं करा. पेशंटकडून येणारे पैसे तिथे, आणि नोंदणी, इन्डेम्निटी, टर्म प्लॅन यांचे पैसे सगळ्यात आधी तिथूनच बाजूला. घरखर्चाला ठरलेली रक्कम महिन्यातून एकदा. कर्जाचा हप्ता घरखर्चाच्या खात्यातून जायला नको.

आणि हे पुढच्या महिन्याआधी, नक्की: युलिपसाठी दिलेलं ऑटो-डेबिटचं मॅन्डेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) रद्द करायचा अर्ज बँकेत आणि विमा कंपनीत, दोन्हीकडे लेखी द्या. फोनवर सांगितलेलं धरू नका. अर्ज दिला नाहीत तर ठरल्या दिवशी तीन लाखांची मागणी खात्यावर येईल. पैसे असले तर जातील, नसले तर आणखी एक बाउन्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.