ग्राउंडची वायर नेमकी कुठे जोडलीय?

प्रश्न : टीडीए २०३० या अँपच्या आयसीचे दोन रेडिमेड बोर्ड आणून घरीच स्टिरिओ अँप बनवलाय. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, ५ अँपिअरचा, पुढे एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज आणि ४७०० मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कॅपॅसिटर. गाणं मस्त वाजतं पण थांबलं की स्पीकरमधून सारखं घर्रर्र येत राहतं, व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी तेवढंच. दुकानदार म्हणाला फिल्टर कमी पडतोय, १०,००० चे टाका. टाकले, तर आवाज उलट वाढलाय! दोन्ही बोर्डांचा ग्राउंड एका कॅपॅसिटरच्या पायावर जोडलाय आणि व्हॉल्यूम कंट्रोलचा ग्राउंड दुसऱ्या कॅपॅसिटरच्या पायावर, कारण तिथे जागा होती. दोन पायांच्या मधे एक वायर टाकलीय. बोर्ड खराब असतील का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : बोर्ड फेकू नका, ते बहुतेक चांगलेच आहेत. तुम्ही ग्राउंड कुठे कुठे जोडलाय ते लिहिलंत हे फार बरं केलंत कारण दुखणं तिथेच आहे, त्या मधल्या वायरमध्ये.

आपण सर्किट काढताना ग्राउंडची खूण दहा ठिकाणी काढतो आणि मनात धरून चालतो की ही सगळी एकच जागा, सगळीकडे शून्य व्होल्ट. कागदावर ते खरं असतं, पण बॉक्समध्ये ग्राउंड म्हणजे तांब्याची वायर, आणि वायरला रेझिस्टन्स असतो. आता ब्रिजमधून कॅपॅसिटर चार्ज होतो तो सलग होत नाही, सेकंदाला १०० वेळा एक छोटा पण जोरदार झटका येतो आणि तो झटका एका कॅपॅसिटरमधून निघून तुमच्या त्या मधल्या वायरमधूनच दुसऱ्या कॅपॅसिटरमध्ये जातो. समजा वायर नेहमीची बारीक ७ तारांची आहे आणि १० सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे रेझिस्टन्स साधारण ८ मिलिओहम. गाणं बंद असताना झटका १ अँपिअरचा धरला तरी वायरच्या दोन टोकांत ८ मिलिव्होल्टचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही वाटत ना? पण तुमच्या बोर्डाचा ग्राउंड एका टोकाला आहे आणि इनपुटचा दुसऱ्या टोकाला, मग बोर्डाला हे ८ मिलिव्होल्ट म्हणजे गाणंच वाटतं आणि तो ते वाढवून देतो. टीडीए २०३० च्या नेहमीच्या सर्किटला गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, ३३ च्या आसपास असतो. म्हणजे स्पीकरवर पाव व्होल्ट, आणि रात्री खोली शांत असताना तेवढं डोकं उठवायला पुरतं.

कॅपॅसिटर वाढवल्यावर आवाज का वाढला तेही यातच आलं. कॅपॅसिटर मोठा असला की चार्ज व्हायचा वेळ आणखी कमी होतो आणि झटका आणखी टोकदार होतो, शिवाय १०,००० चे डबे अंगानेच मोठे, त्यामुळे मधली वायरही तुम्ही लांब घेतली असणार. दुकानदाराचा हेतू चांगला होता पण हमिंग म्हटलं की कॅपॅसिटर वाढवा हा सल्ला मला मनापासून खटकतो, लोकांचे पैसे जातात आणि वायर तशीच राहते.

आता काय करायचं. आधी प्लग काढा आणि कॅपॅसिटर १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावून रिकामे करा. ४७०० चेच परत लावा. दोन कॅपॅसिटर शेजारीशेजारी चिकटवून मधला जोड जितका आखूड आणि जाड होईल तितका करा, घराच्या वायरिंगची अडीच एमएमची तार सोलून वापरली तरी चालेल. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर, म्हणजे सेंटर टॅप, त्या जोडाच्या बरोबर मध्यावर डाग देऊन जोडा. त्याच मध्यापासून तीन-चार सेंटिमीटरची एक जाड तार बाहेर काढून तिच्या टोकाला एक टॅग लावा आणि बाकी सगळे ग्राउंड, दोन्ही बोर्डांचे, दोन्ही स्पीकरचे आणि व्हॉल्यूमचा, त्या टॅगवर स्वतंत्र वायरने आणा. ग्राउंडची बाकी कुठलीही वायर कॅपॅसिटरच्या पायावर जोडायची नाही, जागा असली तरी नाही. या छोट्या तुकड्यात सगळी गोम आहे, चार्जिंगचे झटके कॅपॅसिटरच्या जोडातच फिरून जातात आणि टॅगपर्यंत पोचत नाहीत.

एवढं करूनही थोडं राहिलं तर एका बोर्डावरच इनपुटची पिन आणि इनपुटचा ग्राउंड वायरच्या तुकड्याने शॉर्ट करा. आवाज गेला तर बोर्ड आणि सप्लाय ठीक आहेत, गडबड बोर्डापासून व्हॉल्यूमपर्यंतच्या वायरीत आहे, तिथे शिल्डेड वायर (आतल्या तारेभोवती जाळीचं वेष्टण असलेली) वापरा, डाव्या-उजव्या चॅनलच्या वायरी एकत्र बांधून न्या आणि आरसीए सॉकेटची (इनपुटची केबल लागते त्याची) बॉडी लोखंडी बॉक्सला टेकू देऊ नका, प्लॅस्टिकचे वॉशर टाका. कानानेही बरंच कळतं. घरघर असेल तर ती १०० हर्ट्झची असते, पेटीवर खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळपास, आणि ती चार्जिंगची. त्याच्याही खालच्या सप्तकात गुळगुळीत ऊंऽऽ असेल तर ते ५० हर्ट्झ, मग ट्रान्सफॉर्मरवर संशय घ्या. त्याचे स्क्रू काढून तो हळूहळू फिरवून बघा (प्रायमरीचे, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूचे जोड आधी नीट झाकून), एका कोनात आवाज झपकन कमी होतो, तिथेच बसवा.

आणि आयसीच्या पाठीचा पत्रा मायनस सप्लायला जोडलेला असतो, त्यामुळे हीट सिंकवर बसवताना मधे अभ्रक हवंच. परत चालू करताना पहिल्यांदा ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून, म्हणजे मेन्सच्या एका वायरीत साधा बल्ब मधे घालून करा, काही उलटसुलट झालं असेल तर बल्ब पेटेल, ट्रान्सफॉर्मर जळणार नाही.

प्रश्न : माझा अँप मोबाईलवर एकदम शांत आहे पण लॅपटॉप जोडला आणि चार्जर लावला की हमिंग सुरू. चार्जर काढला की बंद. एका ओळखीच्याने अँपच्या प्लगची अर्थची पिन कापायला सांगितली, कापली तर आवाज गेला! असंच ठेवू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. आजच्या आज नवा थ्री-पिन प्लग लावा, त्याआधी अँप चालू करू नका. तुमचा बॉक्स लोखंडी असेल आणि आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी गेलं तर त्या बॉक्सवर २३० व्होल्ट येतील, अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर हात लावणाऱ्याला बसतो. घरात लहान मुलं असतात, व्हॉल्यूमचं बटण त्यांनाच आधी दिसतं. मी हे रागावून नाही, काळजीने लिहितोय.

होतं असं की लॅपटॉपचा चार्जर थ्री-पिन, अँपही थ्री-पिन, दोघांचा अर्थ भिंतीत एकत्र येतो आणि तुमच्या ऑडिओ केबलच्या शिल्डमधून पुन्हा एकदा जोडला जातो, म्हणजे एक मोठी गोल वाट तयार झाली आणि त्यात करंट फिरायला लागला. आधी फुकटचा उपाय करा, दोघांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर ऑडिओचा ६००:६०० ओहमचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर प्रत्येक चॅनलला एक, केबलच्या वाटेत.

हाताने करायची आवड असेल तर अँपमध्येच करता येतं. बॉक्स थेट अर्थला घट्ट स्क्रूने जोडलेला ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, पण सर्किटचा ग्राउंड बॉक्सला थेट न जोडता मधे १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर आणि त्याला पॅरलल केबीपीसी ३५१० चा ब्रिज टाकायचा. ब्रिजचे प्लस-मायनस एकमेकांना शॉर्ट, एक एसी पाय बॉक्सला, दुसरा सर्किटच्या ग्राउंडला. हमिंगचा बारीक करंट १० ओहममुळे अडतो आणि फॉल्टचा मोठा करंट ब्रिजमधून सरळ अर्थला जातो.

प्रश्न : प्लायवूडच्या बॉक्समधला अँप आहे. व्हॉल्यूमच्या दांडीला बोट लावलं की हमिंग कमी होतं, सोडलं की परत येतं. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तुमचं बोट जे काम करतंय ते वायरला करू द्या. व्हॉल्यूम कंट्रोलची धातूची बॉडी कुठेच जोडलेली नाही म्हणून असं होतं. बॉडीवर ब्लेडने किंवा कानसने थोडं खरवडा, नाहीतर सोल्डर धरत नाही, मग एक वायर डाग देऊन ग्राउंडच्या टॅगवर न्या. लाकूड हमिंग अडवत नाही, त्यामुळे इनपुटच्या बाजूला आतून पातळ पत्रा मारलात आणि तोही त्याच टॅगला जोडलात तर आणखी बरं.