बेळगावात टिश्यू कल्चरची ऑर्किडची रोपं बाटलीतून काढल्यावर कशात लावावीत?

माती अजिबात नको. डेंड्रोबियम असो वा फॅलेनॉप्सिस, दोन्ही जातींच्या ऑर्किडच्या मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. माझ्या मते सुरुवातीला स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळच उत्तम. आधी मुळांना चिकटलेली अगारची जेली (प्रयोगशाळेत बाटलीत रोपं जिच्यात वाढवतात ती) कोमट पाण्यात पूर्ण धुवा. राहिली तर बुरशी तिथूनच धरते. मॉस भिजवून घट्ट पिळा आणि मुळांभोवती सैलसर गुंडाळा, ठासून भरू नका.

पण आपल्याकडे, विशेषतः खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात, जून ते सप्टेंबर नुसता मॉस वाळतच नाही आणि मुळं कुजतात. तेव्हा त्यात निम्मा लाकडी कोळसा घाला, हरभऱ्याएवढे तुकडे करून. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात, पण त्यांत क्षार असतात. पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवल्याशिवाय वापरू नका. विटांचे तुकडे रोपं मोठी झाल्यावर.

कुंडी लहान, दोन इंची, शक्यतो पारदर्शक घ्या. फॅलेनॉप्सिसची मुळं ओली असताना हिरवी, वाळली की चंदेरी दिसतात. चंदेरी दिसली की पाणी द्या. नवीन मूळ फुटेपर्यंत खत नको.