कोरडवाहू रानात ऊस लावू नकोस

प्रश्न: मी परभणीचा, वय २१. २०१८ ते २०२१, म्हणजे तेराव्या वर्षापासून, एका मराठी मालिकेत धाकट्या भावाचं काम केलं. त्यातले उरलेले ११ लाख बाबांच्या नावावर एफडीत आहेत. सध्या एका शोरूममध्ये १८ हजार पगारावर आहे. पुन्हा मुंबईत प्रयत्न करायचाय. २८ लाखांचं कर्ज काढून मीरा रोडला वन बीएचके घेऊ का? बाबा जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, निवृत्तीला ४ वर्षं आहेत. ते सहकर्जदार व्हायला तयार आहेत.

उत्तर: तू लेकराच्या वयाचा, म्हणून अरे-तुरेच करतो. फ्लॅट घेऊ नकोस. मुंबईला मात्र जा.

साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर २८ लाखांचा हप्ता साधारण २४,३०० रुपये बसतो. तुझा पगार १८ हजार, आणि गाव सोडलं की तोही बंद. मग बँक कर्ज देणार कुणाच्या तोंडाकडं बघून? गुरुजींच्या. ते निवृत्त झाले की हप्ता त्यांच्या पेन्शनीतून जाणार, अजून १६ वर्षं. त्यांचं वय बघून बँकेनं मुदत कमी केली तर हप्ता आणखी फुगेल. बाबा 'हो' म्हणालेत, कारण बाप आहेत. त्यांनी हा हिशोब मांडला असेल असं मला वाटत नाही.

मालिकेतला पैसा कसा येतो ते तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस. पर डे ठरतो, टीडीएस कापून मिळतो, तोही बहुतेक वेळा ९० दिवसांनी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शूटिंग महिनोन् महिने बंद होतं, तेव्हा तुझ्या घरी काय आलं? असल्या कमाईवर २० वर्षांचा हप्ता बांधणं म्हणजे कोरडवाहू रानात ऊस लावणं. स्टँडवर लोक अजून मालिकेतल्या नावानं हाक मारत असतील, पण बँकेत ती हाक चालत नाही.

म्हणून ११ लाखांतले साडेचार लाख बाजूला काढ. महिना २५ हजारांत, दोघा-तिघांत खोली घेऊन, १८ महिने निघतील. एवढ्यात काम मिळालं तर ठीक, नाही तर देवगिरी एक्सप्रेसनं परत ये. कर्ज नसल्यानं परत येताही येईल. आरोग्य विमा पहिल्याच महिन्यात घे. बाकी साडेसहा लाखांना हात लावू नकोस.

आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस ते. एफडी बाबांच्या नावावर म्हणजे व्याजावरचा करही त्यांच्याच उत्पन्नात. मुदत संपली की पैसे तुझ्या खात्यावर घ्या. बापानं मुलाला दिलेल्या पैशावर मुलाला कर लागत नाही. दुसरं, २०१७ च्या बालकामगार नियमांप्रमाणे १४ वर्षांखालच्या कलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावानं एफडीत ठेवावे लागतात. तेराव्या वर्षाची ती पावती या ११ लाखांत आहे का वेगळी, ते बाबांना विचार. भांडायला नव्हे, जुन्या फायलीत राहून गेली असेल तर सापडावी म्हणून.

आणि मुंबईत ऑडिशनसाठी, 'आर्टिस्ट कार्ड'साठी कुणी पैसे मागितले, तर जिना उतरून खाली ये.