वाचकांचे प्रश्न : ज्युरीने फेटाळलेला दावा अपिलात पुन्हा ऐकला जातो का?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तीन वर्षांपूर्वी पोटात असह्य दुखू लागल्याने ती रात्री रुग्णालयात गेली असता, सीटी स्कॅन न करताच पित्ताच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटले आणि आतड्याचा काही भाग काढावा लागला. तिने डॉक्टरांवर केलेला नुकसानभरपाईचा दावा ज्युरीने गेल्या आठवड्यात फेटाळला. मिरजेतील आमच्या परिचयाच्या एका सर्जननी कागदपत्रे पाहून ‘स्कॅन त्याच रात्री व्हायला हवा होता’ असे लेखी दिले आहे. हे पत्र जोडून अपील केल्यास दावा पुन्हा पहिल्यापासून ऐकला जाईल का? सांगलीच्या ग्राहक आयोगाच्या निकालाविरुद्ध करतात, तसेच हे अपील असते का?
— एक वडील, मिरज

उत्तर : आपले पत्र हाती पडले त्याच दिवशी मी आपणांस फोन केला होता, कारण यातील एक मुदत मासिकाचा अंक निघेपर्यंत थांबणारी नव्हती. ज्युरीचा कौल पुराव्याशी विसंगत आहे, अशी तक्रार असेल, तर ती आधी खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांपुढेच फेरखटल्याचा अर्ज करून मांडावी लागते. न्यू जर्सीत त्यासाठी कौल दिल्यापासून २० दिवस मिळतात आणि ही मुदत न्यायालयालाही वाढवून देता येत नाही. असा अर्ज केलेला नसेल, तर तो मुद्दा अपिलात विचारातच घेतला जात नाही. आपल्या मुलीच्या वकिलांनी अर्ज वेळेत दाखल केल्याचे आपण नंतर कळवले, तेव्हा मला मनापासून हायसे वाटले.

ज्युरीच्या उत्तरपत्रिकेची जी झेरॉक्स आपण पाठवली, ती मी दोनदा वाचली. पहिलाच छापील प्रश्न असा आहे की, डॉक्टरांनी वैद्यकीय व्यवसायाच्या मान्य दर्जापेक्षा कमी प्रतीचे काम केले काय? त्यापुढे ‘नाही’वर खूण असून मतांच्या रकान्यात हाताने ५–१ असे लिहिले आहे. खालचे सर्व रकाने कोरे आहेत. तेथील दिवाणी ज्युरीत सहसा सहा जण असतात आणि पाच जणांचे एकमत पुरते. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यामुळे आपल्या मुलीच्या यातना, तिची शस्त्रक्रिया आणि बुडालेली कमाई यांच्या चर्चेपर्यंत ज्युरी पोहोचलीच नाही. बापाच्या मनाला हे किती लागले असेल, हे मी समजू शकतो. परंतु अपील न्यायालय हे कोरे रकाने स्वतः भरून देत नाही.

तेथे वरच्या न्यायालयात साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. खालच्या न्यायालयातील कामकाजाचा शब्दशः उतारा आणि दोन्ही बाजूंची लेखी टिपणे यांवरच सारे चालते. कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार ज्युरीचा मानला जातो आणि न्यायाची उघड पायमल्ली झाल्याचे स्पष्ट दिसल्याखेरीज न्यायाधीश त्यात हात घालत नाहीत. त्यामुळे मिरजेच्या सर्जनांचे पत्र अपिलात जोडता येणार नाही. फेरखटला झाला तरीही त्यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष होणे कठीण आहे, कारण वैद्यकीय दाव्यातील तज्ज्ञाकडे अमेरिकेतील परवाना असला पाहिजे, असे न्यू जर्सीच्या २००४ च्या कायद्यात म्हटले आहे. त्यांच्या मताला वैद्यक म्हणून किंमत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही.

मग अपिलाला आधार कशाचा? माझ्या मते, न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावून सांगताना काय सांगितले, तेथे सर्वांत आधी पाहावे. दोन मान्य उपचारांपैकी एक निवडणारा डॉक्टर केवळ त्या निवडीमुळे दोषी ठरत नाही, अशी एक सूचना तेथे दिली जाते. ती जेथे खरोखर निवडीचा प्रश्न असेल तेथेच द्यायची असते. करायला हवी ती तपासणी केलीच नाही, असा आरोप असेल तेथे ती सरसकट दिल्यास ज्युरीची दिशाभूल होते. बाळंतपणातील देखरेखीविषयीच्या एका दाव्यात ही सूचना चुकीच्या रीतीने दिली गेली, म्हणून न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेरखटल्याचा आदेश दिला होता. आपल्या मुलीची तक्रारही न केलेल्या स्कॅनबद्दलच आहे. तेव्हा ही सूचना दिली गेली होती का, आणि ज्युरी विचारविनिमयासाठी आत जाण्यापूर्वी वकिलांनी तिला हरकत नोंदवली होती का, हे विचारावे. हरकत नोंदलेली नसेल, तर ज्या चुकीमुळे अन्यायकारक निकाल लागू शकला असता अशीच चूक दाखवावी लागते, आणि ते पुष्कळ अवघड असते.

सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाशी आपण केलेली तुलना येथे फसवी ठरते. योगायोगाने अपिलाची मुदत दोन्हीकडे ४५ दिवसांचीच आहे. न्यू जर्सीत ती अंतिम हुकूमनाम्यापासून मोजतात आणि फेरखटल्याचा अर्ज वेळेत केला असल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत ती थांबते. आपल्याकडे मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे राज्य आयोगापुढे कायद्याच्या तसेच वस्तुस्थितीच्या मुद्द्यांवरही अपील करता येते, म्हणजे पुरावा पुन्हा तोलला जाऊ शकतो. शिवाय उशिराचे सबळ कारण दिल्यास तो माफही होतो. भरपाई देण्याचा आदेश झालेल्या डॉक्टरांना अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. (१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे काही वाचक ही अपिले तेथे करायची का, असे विचारतात. ती राज्य आयोगाकडेच करायची आहेत.)

खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगणे मला आवश्यक वाटते. शब्दशः उताऱ्याचा खर्च अपील करणाऱ्याला आधी करावा लागतो, आणि मुलीने वकिलांशी केलेल्या करारात अपिलाचे काम धरले आहे की नाही, हे सही केलेल्या प्रतीत पाहिले पाहिजे. अशा अपिलात यश आले तरी हाती येतो तो बहुतांशी फेरखटला. पैसे मिळत नाहीत, आणि मुलीला तोच सारा प्रसंग पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यातून सांगावा लागतो. म्हणून हरकत नोंदलेली असेल तर अपील जरूर करावे, असे मी सुचवेन. ती नसेल आणि फेरखटल्याचा अर्जही नामंजूर झाला, तर पुढे जाण्यापूर्वी केवळ अपिलांचेच काम करणाऱ्या तेथील एखाद्या वकिलाचे मत घ्यावे. तोवर सर्जनांचे ते पत्र मुलीला जरूर पाठवावे. त्या रात्री आपलेच काही चुकले का, असे ती आपणांस फोनवर विचारते, असे आपण लिहिले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर त्या पत्रात आहे.